पाटी पडलेला ॲम्प्लिफायर

रामबागकर

मंडळी, इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर पुढच्या महिन्यात रिकामं करून द्यायचं आहे. माळा उतरवताना सतरंजीत गुंडाळलेला बाबांचा ॲम्प्लिफायर निघाला, सोबत स्पीकरच्या दोन पेट्या. पेट्यांवर सागवानी व्हिनिअर आहे, पुढचं कापड मातकट झालंय. ॲम्पचा दर्शनी पत्रा मात्र अजून छान आहे, ब्रश केलेल्या ॲल्युमिनियमचा. बेस-ट्रेबलच्या चकत्या अशा जड की फिरवताना बोटाला वजन लागतं.

फक्त कंपनीच्या नावाची पाटी पडली आहे. दोन भोकं आणि त्यांच्यामध्ये डिंकासारखा पिवळा डाग, एवढंच उरलंय. मागच्या पत्र्यावर रंगाने '१०० वॉट' लिहिलंय, बाकी काही नाही.

हा इंदूरमध्येच बनला होता, एवढं आईला पक्कं आठवतं. तीन-चार वर्षांत एक बाजू बोलेनाशी झाली, तेव्हा बाबा तो सायकलच्या कॅरिअरला बांधून कारखान्यात घेऊन गेले. कारखान्याला कुलूप, आणि ओट्यावर कुणीतरी पापड वाळत घातलेले. बाबांनी ॲम्प परत आणला आणि एकाच बाजूवर आणखी दहा वर्षं ऐकला. कंपनीचं नाव त्यांना माहीत होतं. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

झाकण उघडलं. आत बदामाच्या आकाराचे चार मोठे धातूचे ट्रान्झिस्टर आहेत, त्यांच्यावर २एन३०५५ असं वाचता येतं. ट्रान्सफॉर्मरशेजारी पत्र्यावर पेन्सिलीने 'ओके' आणि खाली १४/२/७९.

दोन प्रश्न. एक, हा चालू करून बघू का? दोन, अशा उगवलेल्या आणि मावळलेल्या कंपन्या तुम्हाला कोणत्या आठवतात, आणि त्या का बुडाल्या? इंदूरच्याच हव्यात असं नाही.

खरखर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तुम्ही आत्ता प्लग हातात घेऊन बसला असाल. थेट लावू नका!

तीसेक वर्षं वीज न पाहिलेले कंडेन्सर (वीज साठवणारे डबे) एकदम २३० व्होल्टवर घातले तर फुगतात, कधी फुटतात. कुठल्याही जुन्या मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो. नसला तर करून घ्या: १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी चालणार नाही) ॲम्पच्या फेजच्या वायरीत एकसरीत जोडायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब काढा. आत हात घालण्याआधी प्लग काढलेला हवा आणि मोठे कंडेन्सर रेझिस्टरमधून उतरवलेले हवेत. हे करायची सवय नसेल तर माणूस बोलवा.

आता मला हे सांगा:
स्पीकरच्या कोनाची कड फोमची आहे की कापडाची?
मोठे कंडेन्सर किती, आणि त्यांच्यावर काय लिहिलंय?

रामबागकर

कड कापडाची आहे, काळी, कसलासा डिंक लावलेली. मोठे कंडेन्सर तीन. एकावर ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, दोघांवर २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट.

खरखर

कापडाची? मग नशीबवान आहात. फोमची असती तर बोट लावल्यावर शिळ्या केकसारखी हातात आली असती. पुढच्या दशकातल्या चांगल्या चांगल्या परदेशी स्पीकरांची तीच गत झाली.

आणि तुम्ही न विचारलेलं एक सांगतो. हा १०० वॉटचा नाही.

हिशोब बघा. कंडेन्सर ५० व्होल्टचा, म्हणजे आतला पुरवठा फार तर ४४-४५ व्होल्ट असणार. ४७०० वाला एकच आणि २२०० वाले दोन, याचा अर्थ पुरवठा एकेरी आहे आणि प्रत्येक बाजूचा आवाज २२०० च्या कंडेन्सरमधून स्पीकरला जातो. (बटण दाबल्यावर 'धप्प' व्हायचं का? व्हायचंच.) मधल्या बिंदूपासून वर-खाली २० व्होल्ट मिळाले, त्याचे आरएमएस, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे, १४. चौदाचा वर्ग १९६, भागिले ८ ओहम. साधारण २५ वॉट एका बाजूला. दोन्ही मिळून ५०.

चारी ट्रान्झिस्टर एकाच जातीचे आहेत हेही बरंच काही सांगून जातं. नियमाने वर एनपीएन आणि खाली त्याचा उलट्या दिशेने चालणारा जोडीदार पीएनपी हवा. पण मोठा सिलिकॉन पीएनपी तेव्हा महाग होता आणि मिळायचा नाही. म्हणून दोन्हीकडे ३०५५ घालून खालच्याला छोट्या ट्रान्झिस्टरकडून उलटं नाचवायचं. क्वासी कॉम्प्लिमेंटरी म्हणतात याला. त्या छोट्यांवर एसएल१००, एसके१०० असं काही दिसतंय का? टोपीसारखे असतील.

रामबागकर

दिसतंय. एसएल१०० आणि एसके१०० दोन्ही. शिवाय पुढे बीसी१४८, बीसी१४९ अशी काळी चिमुकली मंडळी. पण वॉटांचं वाचून वाईट वाटलं हो. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला 'शंभर वॉटचा आहे' म्हणून सांगायचे.

झोलाछाप

म्हणजे बनवाबनवी तेव्हाही होतीच! आम्हाला वाटायचं की पीएमपीओ हे आमच्या लहानपणचं पाप. डब्यावर '२००० वॉट पीएमपीओ' आणि आत खेळण्यातल्या गाडीचा वाटावा असा ट्रान्सफॉर्मर.

खरखर

दोन्ही एका पंगतीत बसवू नका. यांनी दोन बाजूंची बेरीज केली आणि वर थोडी हवा भरली, दुपटीची लबाडी. पीएमपीओ ही शंभरपट. कुठल्याच नियमात न बसणारा तो आकडा एका निमिषापुरता कागदावर काढलेला असायचा. जर्मनांचं डीआयएन ४५५०० नावाचं मानक होतं, हाय-फाय म्हणवून घ्यायला किमान काय हवं ते त्यात लिहिलेलं. आपल्याकडे हाय-फाय म्हणवून घ्यायला फक्त स्टिकर पुरायचा.

जुनी_पेटी

धागा आवडला. मी बडोद्याचा, रावपुऱ्यात वाढलो. माझ्याकडे अशी मढी बरीच पडून आहेत.

कॉस्मिक आठवते का? मुंबईची. आमच्या पिढीत ज्याच्याकडे कॉस्मिकचा ॲम्प आणि कॅसेट डेक, तो श्रीमंत नसला तरी शौकीन समजला जायचा. मासिकांतल्या जाहिराती तर अशा की आम्ही कापून वहीत चिकटवायचो. काही वर्षं देशभर गाजली आणि मग अशी विरली की आज नातवाला 'इंटरनेटवर शोध' म्हटलं तर त्याला भंगारातले फोटो सापडतात.

कलकत्त्याची सोनोडाइन १९७० ची, ती तगली. तिने पुढे स्टुडिओत वापरायच्या मॉनिटर स्पीकरांकडे मोर्चा वळवला. दिल्लीचे अहुजा तगले, कारण त्यांनी घरातल्या शौकिनाचा नाद न धरता मंडप, मशीद, मंदिर आणि निवडणूक धरली. गणपतीत भोंग्याखाली अजून तेच नाव असतं. फिलिप्स तर मोठंच घर, मध्यंतरी इथे 'पीको' म्हणून नांदलं. एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घरोघरी होता, पण त्याला हाय-फाय म्हणणं म्हणजे लुनाला मोटारसायकल म्हणणं. सिरॅमिक पिकअप, जड हात, रेकॉर्डवर नांगर.

या सगळ्यांच्या खाली एक तिसरी फळी होती, तुमच्या बाबांच्या ॲम्पची. प्रत्येक मोठ्या गावात चार-दोन. पाटी इंग्रजी, नाव परदेशी वाटेल असं, कारखाना घरामागच्या पडवीत. बडोद्यातही होत्या. त्यांची यादी कुणी केलेली नाही, कारण त्यांचं रेकॉर्ड म्हणजे बिलबुक, आणि बिलबुकं रद्दीत गेली.

लश्करवाली

मी ग्वाल्हेरची, लश्करातली. आमच्याकडेही असाच एक होता, पाटी शाबूत होती, नाव सांगत नाही. तुम्ही सगळे पुरुष ट्रान्झिस्टर मोजताय, मी दुसरी बाजू सांगते.

आमच्याकडे यंत्राला हात लावायची परवानगी फक्त वडिलांना. सुई ठेवायची त्यांनी, उचलायची त्यांनी. आम्ही बहिणींनी गाणं शिकायचं, पण रेकॉर्ड लावायची नाही! आईचा संबंध एवढाच की तिने ॲम्पवर घालायला क्रोशाचा रुमाल विणला, चांगला जाड, कडेला मोरांची नक्षी. वरच्या पत्र्यावर ज्या फटी असतात त्या बरोब्बर झाकायचा. त्यावर फुलदाणी. उन्हाळ्यात ग्वाल्हेरला पारा ४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्याच उन्हाळ्यात वास आला. मेकॅनिकने उघडून सांगितलं, 'माल हलका आहे, कंपनी चोर आहे.' वडिलांनी ते आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं. मोरांबद्दल कुणीच बोललं नाही. मलाही ते चाळिशीत, इंजिनिअर नवऱ्याने रुमालाचा फोटो बघितल्यावर कळलं.

खरखर

=))
क्रोशाने मारलेल्या ॲम्पची एक स्मशानभूमी करायला हवी.

टेम्सकाठचा

इंदूरचा, मल्हारगंजातला. आता तीस वर्षं इंग्लंडात. इथल्या जुन्या बाजारात फिरताना याच विषयाचा नाद लागला. एवढंच सांगतो की पडवीतल्या कंपन्या फक्त आपल्याकडे होत्या असं नाही.

लेक्सन नावाची एक होती. बॉब स्टुअर्ट आणि ॲलन बूथरॉइड या दोघांनी घडवलेली यंत्रं. प्री-ॲम्प पट्टीसारखा सपाट, रंगीत सरकत्या बटणांचा; पॉवर ॲम्प म्हणजे उभा काळा दंडगोल, चहूबाजूंनी उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पाती. बघितल्यावर आजही कुणी 'हे काल बनलं' म्हणेल. दिसण्याची बक्षिसं मिळाली, कंपनी काही दशकभर टिकली नाही. दोघांनी १९७७ मध्ये मेरिडियन काढली, ती टिकली.

क्लाइव्ह सिंक्लेअर, ज्यांचे छोटे संगणक पुढे गाजले, त्यांनी १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा ॲम्प टपालाने सुट्या भागांत विकला. तत्त्व काय, तर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवायचाच नाही. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, आणि चालू-बंदच्या रुंदीतून आवाज घडवायचा. आज तुमच्या टीव्हीत, फोनच्या स्पीकरमागे, गाडीत हेच आहे, क्लास डी. पण १९६४ चे ट्रान्झिस्टर इतके चपळ नव्हते. जाहिरातीत १० वॉट, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा रामबागकर, बाबांचे शंभर मनाला लावून घेऊ नका.

अमेरिकेत बॉब कार्व्हरची फेज लिनिअर होती. तिचा ७०० नावाचा ॲम्प एका बाजूला ३५० वॉट खरोखरच द्यायचा. मध्येच पेटायचाही, म्हणून लोकांनी नाव पाडलं 'फ्लेम लिनिअर'. पुढे जपानच्या पायोनियरने कंपनी घेतली.

आणि सगळ्यात करुण म्हणजे बेलफास्टची स्ट्रॅथर्न. उत्तर आयर्लंडात दंगली, बेकारी, म्हणून सरकारने पैसा घालून रेकॉर्ड प्लेअरचा कारखाना उभारला. काही वर्षांत मिटला. आपली सरकारी मेलट्रॉन, अपट्रॉन आठवतात का? सरकारला मधूनमधून वाटतं की आपल्यालाही गाणं येतं.

झोलाछाप

शेवटचं वाक्य =)) चोरतो आहे.

जुनी_पेटी

जपान्यांचं एक राहिलं. मोठ्या कंपन्यांनी हाय-फायसाठी वेगळी नावं घेतली होती, कारण फ्रिज आणि भात शिजवायचं भांडं विकणाऱ्या नावाने शौकीन बिचकतो. मात्सुशिताने टेक्निक्स केलं, ते अजून आहे. तोशिबाचं ऑरेक्स, शार्पचं ऑप्टोनिका, हिताचीचं लो-डी, मित्सुबिशीचं डायटोन, सान्योचं ओटो. आखातातून आलेल्या कुणाच्या तरी ट्रंकेतून यांतलं एखादं बडोद्याला उतरायचं आणि आठवडाभर गल्ली बघायला यायची. ओटो आमच्या शेजारच्यांकडे आला होता. आजी म्हणायची, 'ओटा काय, घरात आहेच की एक.'

आणि एल्कॅसेट! १९७६. सोनी, मात्सुशिता आणि टिॲक. नेहमीच्या कॅसेटपेक्षा मोठी, जवळजवळ खिशातल्या वहीएवढी. फीत पाव इंच रुंद, वेग सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर, म्हणजे साध्या कॅसेटच्या दुप्पट. आवाज खरंच सुरेख. पण तोवर साध्या कॅसेटला खरखर कमी करणारं डॉल्बी आणि क्रोमची फीत मिळाली होती, लोकांना तेवढं पुरलं. चारेक वर्षांत गाशा गुंडाळला. मी एकदाच हातात घेतली आहे, मुंबईत. वजनदार होती, चांगल्या पुस्तकासारखी. ज्याच्याकडे होती त्याच्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं.

सुई_बदला

फक्त वाचतेय. थांबू नका.

ओळखपाळख_नको

इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी अशा एका कारखान्यात काम केलं आहे. इंदूरमध्येच, १९७७ पासून काही वर्षं. नाव सांगणार नाही. मालक गेले, मुलं शहरातच आहेत आणि त्यांना हा विषय आवडत नाही.

कारखाना म्हणजे घरामागची लांब खोली. तीन टेबलं. मालक स्वतः, एक सोल्डरिंगवाला, आणि मी. कॉलेज सुटलं की सायकलवर यायचो. ट्रान्सफॉर्मर बाहेरून गुंडाळून यायचा. पेट्या एक सुतार करायचा, व्हिनिअर घासून पॉलिश त्याचंच. पुढचा पत्रा मुंबईहून छापून यायचा, पन्नासच्या खाली छापायला कुणी तयार नसायचं, म्हणून एकदा नावात स्पेलिंगची चूक झाली तेव्हा पन्नास ॲम्प तसेच गेले. ट्रान्झिस्टर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, पण ते आम्हाला लॅमिंग्टन रोडवरून रोख पैसे देऊन आणावे लागत. मालक रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर लॅमिंग्टन रोड पालथा घालायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. पिशवीत ट्रान्झिस्टर आणि डोळ्यांत झोप.

माझं काम जोड्या लावायचं. मीटरवर प्रत्येक ३०५५ चा गेन मोजायचा आणि जवळ जवळ येणारे दोन-दोन रबरबँडने बांधून ठेवायचे. मग खाली अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट, आणि स्क्रू कसायचा. अभ्रकाला कणभर चीर असली की धूर. माझ्या हातून दोनदा झाला आहे. मालक रागावले नाहीत, चहा सांगितला आणि म्हणाले, 'आता तुला कधी विसर पडणार नाही.' पडला नाही.

त्या पेन्सिलीच्या 'ओके' बद्दल. आमच्याकडेही असायचा. तयार ॲम्प रात्रभर चालू ठेवायचा. स्पीकर जोडला तर मोहल्ला उठेल, म्हणून स्पीकरच्या जागी हीटरची कॉइल पाण्याच्या बादलीत. सकाळी बादलीतलं पाणी कोमट असलं, दोन्ही बाजूंचं सारखं, आणि ॲम्प बोलत असला की मालक पेन्सिल घ्यायचे. मापायला ऑसिलोस्कोप (आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) नव्हता. एक कॉलेजातला चोरून वापरायचो, तो वेगळा किस्सा.

आता तुमचा तो मुद्दा, कंपन्या का बुडाल्या. इथे बरेच जण म्हणतील परदेशी माल आला म्हणून. परदेशी माल नंतर आला. आम्ही त्याच्या आधीच संपलो होतो. आम्हाला उधारीने मारलं. माल घ्यायचा रोखीने आणि दुकानदाराला द्यायचा तीन महिन्यांच्या वायद्यावर. तीनचे सहा व्हायचे. सणाच्या आधी दुकानदार आठ मागायचा, सणानंतर पाच परत करायचा, एखाद्यावर ओरखडा असायचा. जेवढी विक्री वाढली तेवढे आम्ही जास्त खड्ड्यात. हे गणित मला तेव्हा कळत नव्हतं, मला वाटायचं ऑर्डर आली म्हणजे पेढे.

मग १९८२. एशियाड आणि रंगीत टीव्ही. ज्या माणसाने ॲम्पसाठी पैसे बाजूला टाकले होते त्याने टीव्ही घेतला. टीव्ही घेतला की इंदूरच्या विजेला स्टॅबिलायझर लागणारच. मालकांनी एक दिवस टेबलावर स्टॅबिलायझर उघडून ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. आत ट्रान्सफॉर्मर, रिले, थोडं सर्किट, पत्र्याचा डबा. जोड्या लावायला नकोत, हम (मागची गुणगुण) नको, 'आवाज जरा कोरडा वाटतो' म्हणणारा गिऱ्हाईक नको. आणि लोक रोख द्यायचे, कारण टीव्ही जळायची भीती. महिन्याभरात ॲम्प बंद. माणसं तीच, सोल्डर तेच, खोली तीच. स्टॅबिलायझर पुढे बरीच वर्षं चालले, त्या घराचा वरचा मजला त्यातूनच चढला.

तेव्हा 'कंपनी बंद पडली' असं तुम्ही म्हणता ते गिऱ्हाइकाच्या बाजूने खरं आहे. आतून बघितलं तर मालक शहाणे झाले.

फक्त एक चुकलं. सर्किट कुणी कागदावर काढून ठेवलं नाही. कुणी नक्कल करेल ही भीती. एवढी भीती की शेवटी आमच्याकडेही नक्कल राहिली नाही.

रामबागकर, तुमच्या ॲम्पचा चालू असल्याचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?

रामबागकर

काका, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. दिवा लाल आहे, चौकोनी.

ओळखपाळख_नको

मग आमचा नव्हे. आमचा हिरवा, गोल. पण १९७९ साली इंदूरमध्ये लाल चौकोनी लावणारे दोघे होते आणि दोघांकडेही मी चहा प्यायलो आहे.

झोलाछाप

काका, एक उद्धट प्रश्न. आवाज खरंच चांगला होता का? की आठवणीत सगळंच गोड?

ओळखपाळख_नको

उद्धट नाही, योग्य आहे. हळू आवाजात जरासा खडबडीत. तो क्वासीचा दोष, खरखर सांगतील. मोठ्या आवाजात चांगला. माणसाचा आवाज फार चांगला. टाळ-मंजिऱ्या सपाट, पण ते ट्वीटरचं पाप, एकाच कंडेन्सरवर टांगलेला स्वस्तातला शंकू.

खरखर

काका अगदी बरोबर. लाट वरून खाली जाताना शून्याशी जो सांधा येतो तिथे क्वासीत वरची आणि खालची बाजू सारखी वागत नाहीत. आवाज मोठा असला की सांधा झाकला जातो, हळू असला की तोच ऐकू येतो. पापण्यांत वाळू असल्यासारखा.

लश्करवाली

उपमा कशाला, ऐकवा की एकदा. रामबागकर, चालू केलात का?

रामबागकर

केला. रविवारी. सिरीज बोर्ड शेजारच्या मेकॅनिकने आणला, वय साधारण सत्तर. ॲम्प बघून म्हणाला, 'भिया, ये तो अपने ज़माने का है.' पोहे-जिलबी खाऊन कामाला लागलो.

बल्ब भप्पकन पेटला आणि हळूहळू मंदावला. लाल दिवा लागला. आई खुर्ची ओढून बसली होती, तिने उगाच पदर सारखा केला.

उजवी बाजू गप्प. फ्यूज गेलेला. मेकॅनिकने नवा घालू दिला नाही, आधी ३०५५ मोजला, तो आरपार शॉर्ट. म्हणजे बाबा कॅरिअरला बांधून घेऊन गेले होते तो बिघाड अजून तिथेच आहे, जसाच्या तसा.

डावी बाजू बोलली. धप्प, मग हम, बऱ्यापैकी मोठा. प्लेअर नव्हता म्हणून फोन लावला आणि अमीर खाँसाहेब सुरू केले. बाबांकडे त्यांची एलपी होती, खाँसाहेब इंदूरचे याचा बाबांना घरचा अभिमान. विलंबित चालू असताना मागे तो हम. आत्या आली होती, ती गाणं शिकवते. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, 'अरे, तुझं यंत्र पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, पांढरी पाचचा सूर धरून बसलंय. खाँसाहेबांना लागत नाही तो.'

खरखर

आत्याबाईंना साष्टांग! पांढरी पाच कोणत्या सप्तकातली? विचारा लगेच, थट्टा नाही.

बघा, ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ, दोन्ही सूर जवळजवळ पांढरी पाचच, फक्त एक सप्तक वर-खाली. ५० चा असेल तर अर्थिंगचा किंवा वायरीने बाहेरून उचललेला. १०० चा असेल तर रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे तो ४७०० चा कंडेन्सर सुकलाय.

रामबागकर

आत्या म्हणते, पेटीवर खर्जातली पांढरी पाच लागली, तंतोतंत नाही, यंत्र जरासं चढं आहे. त्याच्याखालची तिच्या पेटीत नाहीच.

खरखर

खर्जातली पांढरी पाच ९८, हम १००. जरासं चढं. मीटर नको, आत्या पुरे. कंडेन्सर बदला.

जुनी_पेटी

आणि बदलून झाल्यावर घर रिकामं करताना हा भंगारात देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर तुमच्याकडे पिगडंबरला लताबाईंच्या नावाचं रेकॉर्ड संग्रहालय आहे, विचारून बघा. किंवा बडोद्याला पाठवा, माझ्या बायकोला सांगू नका.

रामबागकर

द्यायचा नाही असं आईने ठरवलंय. नव्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत ठेवणार. वर काही झाकायचं नाही हे लश्करवालींचं पोस्ट वाचून दाखवून सांगितलं आहे. ती म्हणाली, 'मोर नको, मग साधा रुमाल चालेल का?'

४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट इंदूरला कुठे मिळेल? मेकॅनिक म्हणतो सियागंज, मला शंका आहे.

ओळखपाळख_नको

जेल रोडला विचारा. ५० चा मागू नका, ६३ चा घ्या, आणि २२०० वाले दोन्ही त्याच फेरीत बदला. ३०५५ मात्र जोडीने घ्या, चार-पाच मोजून. मीटर नसेल तर मला निरोप करा, मी घरीच असतो.

आणि नवा भाग घातल्यावर पेन्सिलीने तारीख टाका, जुन्या ओकेच्या खाली.